स्वागताच्या भाषणात राहून गेलेले

प्रत्येक कॉलेजच्या वार्षिकांकात एक तरी लेख असा असतोच, की ज्याची सुरुवात 'कॉलेज! अवघी तीन अक्षरे, पण केवढी जादू!' अशी होते. एफ.वाय.ला असताना मीही तसाच एक लेख लिहून संपादकांकडे दिला होता. तो छापला गेला नाही, हे त्यांचे माझ्यावर मोठेच उपकार म्हटले पाहिजेत.

ऑगस्ट २०२५ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा स्वागत समारंभ झाला. त्यात 'ज्येष्ठ विद्यार्थिनी' म्हणून मला बोलायला उभे केले. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, एकाच कॉलेजात पाचवे वर्ष काढणारी मुलगी ज्येष्ठ नाही तर काय! विषय होता 'महाविद्यालयीन जीवन आणि सहभाग'. पाच मिनिटे दिली होती, मी सात घेतली. २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, सदतीस विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना कशी सुरू झाली ते सांगितले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली याच आपल्या सातारा जिल्ह्यात, काले या गावी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ कशी रोवली आणि 'कमवा व शिका' म्हणजे काय, तेही सांगितले. शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव, वाङ्मय मंडळ, जिमखाना, विवेकवाहिनी, एन.सी.सी. यांची नावे घेतली. नव्या शैक्षणिक धोरणात या गोष्टींना श्रेयांक मिळतात, हे सांगायला विसरले नाही. (पूर्वी 'सात दिवस शिबिराला जाते' म्हटले की घरात वादळ उठायचे. आता 'त्याला क्रेडिट आहे' म्हटले की आई गप्प बसते आणि वडील विचारतात, 'किती?') शेवटी सर्व नवागतांना एक-एक गुलाबाचे फूल आणि एक-एक पेन देण्यात आले. टाळ्या झाल्या.

मी खाली उतरले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. हातातले फूल एव्हाना कोमेजले होते. ती म्हणाली, "ताई, हे सगळं तीन वाजल्यानंतर असतं ना? आमची शेवटची गाडी पावणेपाचला हाय."

मी म्हणाले, "बघू आपण. सांगते तुला." तेवढ्यात कोणीतरी मला फोटोसाठी हाक मारली. वळून पाहिले तर ती निघून गेली होती.

ज्या प्रश्नाचे उत्तर मला यायला हवे होते, तोच प्रश्न त्या मुलीने विचारला होता. माझे सात मिनिटांचे भाषण त्या प्रश्नाच्या आसपाससुद्धा फिरकले नव्हते. भाषणात जे सांगायचे राहिले, ते येथे लिहिते आहे. लिहिताना बरे वाटत नाही. कारण त्यात माझी एक लबाडी आहे.

आमच्या वर्षाचे स्वागत कोणी केले नाही. करणार तरी कसे? आम्ही न लिहिलेल्या परीक्षेत पास झालेली मुले! २०२१ साली करोनामुळे बारावीची परीक्षाच रद्द झाली आणि राज्याचा निकाल लागला ९९.६३ टक्के. "तुमची बॅच म्हंजे फुकटची," असे आमच्या गावातली शेंबडी पोरेसुद्धा आम्हांला म्हणत. प्रवेश मोबाइलवर, तास मोबाइलवर. कॉलेजची इमारत आतून पाहिली ती २० ऑक्टोबर २०२१ रोजी, लसीचे प्रमाणपत्र फाटकावर दाखवून.

पहिल्या दिवशी मी तिसऱ्या बाकावर बसले. माझ्या शेजारी एक सडपातळ, सावळी मुलगी येऊन बसली. तिचे नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. डोंगराकडच्या एका वाडीची ती. वाडीपासून फाट्यापर्यंत पाऊण तास पायी, तेथून एस.टी. माझे गाव रस्त्यावरचे. त्यामुळे तिच्यापुढे मी शहरातलीच! दोघींच्याही घरातून कॉलेजला आलेल्या आम्ही पहिल्या. दोघींनाही 'ऑप्शनल' आणि 'कंपल्सरी' यांतला फरक ठाऊक नव्हता. कॅन्टीनमध्ये आत जाऊन चहा कसा मागायचा हे न कळल्यामुळे आम्ही आठ दिवस चहाशिवाय काढले. रॅगिंगची भीती आम्हांला घरच्यांनी घातली होती. पण त्याविरुद्ध राज्यात १९९९ पासून कायदा आहे आणि आमच्याकडे तसे काही नव्हतेही. आम्हांला कोणी त्रास दिला नाही. कोणी काही विचारलेच नाही. या दोहोंत अधिक वाईट कोणते, ते मला अजूनही ठरविता आलेले नाही.

मराठीला एक तरुण सर होते, तासिका तत्त्वावरचे. त्यांनी चौथ्या की पाचव्या दिवशी सांगितले, "दिवाळीनंतर भित्तिपत्रिकेचा अंक काढू. घरात आई, आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असतील, तर त्या जशाच्या तशा लिहून आणा." आमच्या घरचे जाते केव्हाच परड्यात पालथे पडलेले. मी काही आणले नाही. ती मात्र शंभर पानी वही घेऊन आली. पेन्सिलीने लिहिलेल्या चौदा ओव्या! आजी म्हणत गेली आणि ही कंदिलापुढे... कंदील हा माझा अलंकार. वाडीत वीज होती. पण तिनेच मला हसत सांगितले, की लाईट गेलेली असतानाच आजीला गाणे सुचते.

दिवाळीच्या सुटीआधीच्या दिवशी सर आले नव्हते. तिने वही माझ्याकडे दिली. "तूच दे सरांस्नी. मला लाज वाटती," म्हणाली.

त्यानंतर ती कॉलेजात आली नाही.

दिवाळीच्या तोंडावर एस.टी.चा संप सुरू झाला होता. नोव्हेंबर उजाडला आणि जवळजवळ सगळ्या आगारांतल्या गाड्या उभ्या राहिल्या. तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. ज्या माणसांनी तो केला त्यांचे हाल खरे होते. त्यांच्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. पण लाल गाडी थांबली की आमच्या भागातले काय काय थांबते, हे त्या पाच-सहा महिन्यांत दिसले. वडाप होते, त्यांचे दर वाढले आणि माणसे टपावर बसू लागली. मुलींना घरचे टपावर कसे बसू देणार? ज्या वर्गात बाक पुरत नव्हते, त्या वर्गात वीस-पंचवीस डोकी दिसू लागली. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे कॉलेज पुन्हा बंद झाले. उघडले तेव्हा त्यांतलीही काही आली नाहीत.

मी का राहिले? माझे वडील दूध घालायला पहाटे तालुक्याला येत. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन आणि मध्ये मी. माझ्या अंगाला ताकाचा वास येई म्हणून एक मुलगी माझ्याजवळ बसत नसे. पण मी रोज साडेसहाला तालुक्यात पोचत असे, एवढे मात्र खरे! माझ्या शिक्षणात माझी हुशारी किती आणि त्या मोटरसायकलीची किती, याचा हिशेब कोणी मागितला तर मी मोटरसायकलीकडे बोट दाखवीन.

साडेसहाला पोचून करायचे काय? ग्रंथालयाच्या व्हरांड्यात बसायचे. थंडीत कुडकुडताना पाहून तिथल्या शिपाईमामांनी एक दिवस वाचनकक्षाचे कुलूप लवकर उघडले आणि म्हणाले, "आत बस बाळ. पण पंखा लावू नको." (डिसेंबरात पंखा कोण लावणार? पण मामांचा नियम म्हणजे नियम.) तिथे टी.वाय.चे दोघे-तिघे भित्तिपत्रिकेचे कागद चिकटवीत बसत. माझे अक्षर बरे आहे हे त्यांना कळले आणि त्यांनी मला मथळे लिहायला बसविले. माझा 'सहभाग' म्हणतात तो असा सुरू झाला. कोणी माझ्यातले गुण हेरले नाहीत. मी तिथे होते, एवढेच. सहभागाविषयीच्या भाषणांत हे कोणी सांगत नाही, की आधी माणसाला तिथे 'असता' यावे लागते.

आणि ती वही? फेब्रुवारीत कॉलेज उघडले तेव्हा सर नव्हते. त्यांचे तास दुसऱ्या कोणाला दिले होते. वही माझ्या ट्रंकेत राहिली. तिचा मोबाइल नंबर वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला होता. मी फोन केला नाही. आधी वाटले, संप मिटला की येईलच. मग वाटले, आता इतक्या दिवसांनी काय बोलायचे? मेमध्ये कोणीतरी सांगितले की तिचे लग्न झाले. मी 'हो का?' म्हटले.

एस.वाय.ला भित्तिपत्रिका माझ्याकडे आली. सप्टेंबर २०२२ अखेर नवरात्राच्या निमित्ताने ओव्यांचा अंक काढायचे ठरले. कोणाकडेच काही साहित्य नव्हते. मी ट्रंक उघडली.

चौदाच्या चौदा ओव्या मी मोठ्या कागदावर, तांबड्या-काळ्या शाईत उतरविल्या. कडेने जात्याचे चित्र काढले. खाली लिहिले : 'संकलन', आणि त्यापुढे माझे नाव. तिचे नाव घालावे असे मनात आले नव्हते, असे मी म्हणणार नाही. आले होते. पण ती आता कॉलेजची विद्यार्थिनी नाही, मग तिचे नाव कसे चालेल, अशी पळवाट मीच काढली आणि मीच तिच्यातून गेले. अंक गाजला. प्राचार्य पाच मिनिटे उभे राहून वाचीत होते. स्नेहसंमेलनात त्याचा उल्लेख झाला. वर्गात, ग्रंथालयात, ऑफिसातसुद्धा लोक मला 'ओव्यांवाली' म्हणून ओळखू लागले. वाङ्मय मंडळ, युवा महोत्सव, वक्तृत्व... पुढची सगळी दारे त्या एका अंकाने उघडली. स्वागत समारंभात मला 'ज्येष्ठ विद्यार्थिनी' म्हणून उभे केले, त्याची सुरुवातही तिथेच.

जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर होते. गाव कोणते, ते सूचना-फलकावर वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला. तिचीच वाडी! ती लग्न होऊन गेली आहे, ती तिथे नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

शिबिराचे वर्णन करीत बसत नाही. सात दिवसांत पाच वेळा वांगे खाल्ले, एवढे सांगितले तरी पुरे. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचे काम होते. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची, तोंडे शिवायची आणि हातोहात देऊन थरावर थर रचायचा. काम सोपे दिसते. तिसऱ्या दिवशी बोटे मिटत नाहीत. त्याच दिवशी दुपारी काही बायका बंधारा बघायला आल्या. त्यांत ती होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना. मला बघून ती इतकी आनंदली की मला पळून जावेसे वाटले.

"आगं, तू? किती बारीक झालीस! कॉलेजात जेवायला देत न्हाईत का?"

आम्ही तिच्या घराच्या ओट्यावर बसलो. तिने विचारले, मराठीला आता कोण आहे, ग्रंथालयाचे कार्ड मिळते का, त्या दोन पिवळ्या फुलांची झाडे होती ती अजून आहेत का. आठ दिवस पाहिलेल्या कॉलेजची प्रत्येक वस्तू तिला पाठ होती. मी इतके दिवस जाऊन मला झाडांचा रंग आठवेना.

मग तीच म्हणाली, "मला वाटलं हुतं तू फोन करशील. आण्णा म्हणत हुते, कॉलेज बंदच हाय, कुणीबी जात न्हाई. म्या म्हटलं, माझी मैत्रीण जात असली तर कळवील. मग म्या बी जाईन."

हे ती रागावून बोलली नाही. साधे सांगावे तसे सांगितले. माझ्याने मान वर करवेना. एका फोनने तिचे लग्न थांबले असते, असे मला म्हणायचे नाही. कदाचित काहीही झाले नसते. पण 'कुणीबी जात न्हाई' हे खोटे होते आणि ते खोटे आहे हे तिला सांगू शकणारी मी एकटी होते.

मी तिला ओव्यांचे सांगून टाकले. नाव कोणाचे घातले तेही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या माझ्या कुठं हुत्या? आज्जीच्या हैत त्या. आज्जीचं नाव घातलंस का?"

नव्हते घातले. तिचे नाव गाळल्याची बोच तरी मला होती. आजीचे नाव असू शकते, हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉयटवां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांची नोंद ठेवली, हे मी पुढे एम.ए.ला वाचले. तिला ते वाचल्यावाचूनच ठाऊक होते.

आजी आतच होती. तिला सगळे ऐकू गेले असावे. बाहेर येऊन ती मला म्हणाली, "वाचून दाव बघू, बरोबर लिवलंय का." वही माझ्याजवळ नव्हती. पण चौदाही मला पाठ होत्या. मी म्हणून दाखविल्या. आजीने दोन ठिकाणी मला थांबविले. नात लिहिताना चुकली होती, की मी उतरविताना, कोण जाणे. पण भित्तिपत्रिकेवर महिनाभर त्या चुकीच्याच लागल्या होत्या आणि एवढ्या मोठ्या कॉलेजात कोणाला त्या कळल्या नव्हत्या!

२७ फेब्रुवारी २०२३ ला, मराठी भाषा गौरव दिनी, तोच अंक आम्ही पुन्हा लावला. दुरुस्त केलेल्या ओव्या आणि वर, मथळ्याच्या अक्षराएवढ्या अक्षरात, आजीचे पूर्ण नाव व वाडीचे नाव. नातीचे नाव तिनेच घालू दिले नाही. "सासरी कुणी बघितलं तर नसतं निघंल. आज्जीचं बास," म्हणाली. म्हणून येथेही ते नाही. 'संकलन' या शब्दापुढे आम्ही 'नात' एवढेच लिहिले. मागच्या वेळी माझे नाव चुकीने पडले होते, अशी ओळ मी खाली घातली. 'चुकीने' हा शब्द खरा नव्हता. पण त्याहून खरा शब्द लिहायचे धैर्य तेव्हा झाले नाही. ते आज लिहिते आहे.

त्या वर्षीच्या जुलैपासून आम्ही आणखी एक गोष्ट सुरू केली. तिला मंडळ नाही, उद्घाटन नाही आणि श्रेयांकही नाहीत. ग्रंथालयात मामांच्या टेबलाच्या खणात एक लांबट वही आहे. त्यात प्रथम वर्षाच्या मुलींची नावे एस.टी.च्या मार्गाप्रमाणे लिहिलेली आहेत. ऑफिसच्या कॅटलॉगमध्ये ती आडनावांप्रमाणे असतात. पण मुलगी गैरहजर राहते ती आडनावामुळे नव्हे, गाडीमुळे. प्रत्येक मार्गाची एक मुलगी ठरलेली. तिच्या गाडीला रोज दिसणारी मुलगी चार दिवस दिसली नाही, तर तिने फोन करायचा. 'का येत नाहीस?' असे विचारायचे नाही. 'आज वर्गात हे झाले' एवढेच सांगायचे. पलीकडून कारण आपोआप कळते. बोनाफाइड वेळेवर न मिळाल्याने पास निघाला नाही. कांदा काढायला आला. आईचे गुडघे दुखतात. पाहुणे 'बघायला' येणार आहेत. पाससाठी बोनाफाइड आपण आणू शकतो, कांद्याचे काही करू शकत नाही. पाहुण्यांचे तर नाहीच नाही. पण 'कुणीबी जात न्हाई' हे वाक्य तरी त्या घरात कोणी बोलू शकत नाही.

पहिल्या वर्षी फोन केलेल्यांपैकी बऱ्याच जणी परत आल्या. काही आल्या नाहीत. एकीच्या भावाने "परत फोन करू नका" असे दरडावले, तेव्हा आम्ही घाबरून तिचे नाव खोडले. ते खोडायला नको होते, असे मला आजही वाटते.

पावणेपाचच्या गाडीचे म्हणाल तर, वाङ्मय मंडळाची बैठक आम्ही दीडच्या मधल्या सुटीत घेऊ लागलो. डबा खाता खाता. सरांना आधी ते रुचले नाही. आता तेही डबा घेऊन येतात. नाटकाच्या तालमीचे मात्र काही जमलेले नाही. तालमी संध्याकाळीच होतात आणि नाटकात अजूनही तालुक्याच्या गावातलीच मुले असतात. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले, त्याने येणे स्वस्त झाले. गाडीची वेळ मात्र कोणाच्या हातात नाही. आगारप्रमुखांना अर्ज दोनदा दिला आहे.

तिला मुलगी झाली. गेल्या दिवाळीत फोनवर बोलताना तिने विचारले, बाहेरून बी.ए. करता येते का? शिवाजी विद्यापीठाचे दूरशिक्षण आहे, नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे, हे मी तिला सांगितले, माहितीपत्रक पाठविले. "बघू, ह्यांना विचारते," म्हणाली. वही ती परत घेत नाही. आजी अजून आहे, पाने शिल्लक आहेत, येऊन लिहून घेत जा, असे तिचे म्हणणे. मी दर मे महिन्यात जाते. आता ओव्या साठाच्या वर गेल्या आहेत.

समारंभात मला प्रश्न विचारणारी ती मुलगी दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालयात सापडली. तिचे नाव वहीत आहेच. ती मधल्या सुटीतल्या बैठकीला येते. फारसे बोलत नाही, पण डबा चांगला आणते.

माझे हे शेवटचे वर्ष. पुढल्या जुलैत डोंगराकडच्या मार्गाला फोन करायला कोणी नाही. त्या गाडीने येणाऱ्या ज्या कोणा मुलीला जमेल, तिने ग्रंथालयात मामांकडे नाव द्यावे. मामा सकाळी साडेसहाला येतात. पंखा लावू नये.